सांगाडा सापडला तर: जागेपासून अहवालापर्यंतचा क्रम, आणि तो कुठे चुकतो

गोणपाटात बांधलेली हाडे आणि वर एक पत्र: "सदर हाडे स्त्रीची की पुरुषाची, वय किती, मृत्यू केव्हा व कशाने झाला, याबाबत अभिप्राय मिळावा." वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यकशास्त्र विभागाला हा मजकूर पाठ असतो. पोते उघडले की निघते काय, तर कवटी, मांडीची दोन हाडे, चार-पाच बरगड्या आणि पसाभर माती. ओटीपोटाची हाडे नाहीत, खालचा जबडा नाही, हातापायांची बारीक हाडे नाहीत. पत्रातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे शेतातच राहून गेलेली असतात, आणि ती प्रयोगशाळेत तयार करता येत नाहीत.

म्हणून या लेखाचा अर्धा भाग जागेवरच्या कामाबद्दल आहे. तपासी अंमलदार, ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी, पोलीस पाटील आणि न्यायवैद्यक मानवशास्त्र शिकणारे विद्यार्थी, सगळ्यांनी तो वाचावा. टप्प्यांचा क्रम मात्र मोडू नका.

## टप्पा १: पहिला तास. हात मागे ठेवा

पाया खोदताना किंवा विहिरीचा गाळ काढताना हाड दिसले की जेसीबी तिथेच थांबवा. बकेट वर उचलूनही घेऊ नका, कारण तिच्या दातात काय अडकले आहे ते आधी बघायचे आहे. काढून टाकलेल्या मातीचा ढीग कुणाला हलवू देऊ नका. बाहेर फेकलेली माती हा पुराव्याचाच भाग आहे.

दिसते त्या हाडांपासून चहूबाजूंनी बरेच लांब दोरी बांधा. आत-बाहेर जायला एकच वाट ठेवा आणि ती वाट आधी नीट बघून घ्या.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे कवटी उचलून बघणे. गर्दीतला कोणीतरी ती हातात घेतो, फोटो काढतो, परत ठेवतो. पुढचे दात एकाच निमुळत्या मुळाचे असतात. हिरडी कुजली की ते खोबणीत नुसते टेकलेले राहतात आणि कवटी हलवताच मातीत पडतात. नंतर अहवालात "दात गळालेले" लिहावे लागते आणि ते मृत्यूपूर्वी गेले की त्या दिवशी सकाळी, हा वाद कोर्टात रंगतो. मृत्यूपूर्वी दात गेला असेल तर खोबणी हाडाने भरून येते, नंतर पडला असेल तर ती उघडी आणि धारदार राहते. पण खोबणीची कडही तुटलेली असली की तेही सांगता येत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात: आकस्मिक मृत्यूची नोंद आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खालचा मरणोत्तर पंचनामा. १ जुलै २०२४ नंतरही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ चा छापील नमुना खाडाखोड करून वापरला जातो, तेवढे टाळा. हाडे पुरलेली असतील तर खणण्यापूर्वी कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसीलदार, हजर हवेत. त्याची तरतूद कलम १९६ मध्ये आहे. "आधी थोडे उकरून बघू, काही निघाले तर साहेबांना बोलावू" हा सगळ्यात महागात पडणारा शॉर्टकट आहे.

तपासून घ्या: एकही हाड हलवण्यापूर्वी लांबून, मध्यम अंतरावरून आणि जवळून असे फोटो झाले का? प्रत्येक जवळच्या फोटोत मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण आहे का?

## टप्पा २: हाड माणसाचे आहे का, आणि आपल्या काळातले आहे का

पहिला प्रश्न "कोण?" हा नाही. आधी माणूस की जनावर ते ठरवा.

अखंड कवटी समोर असली तर शंका राहत नाही. घोळ होतो तो बरगड्या, मणके आणि लहान लांब हाडांत. शेळी-मेंढीची हाडे लहान मुलाची म्हणून पोलीस ठाण्यात येतात. यावर जागेवर चालणारी एक कसोटी आहे: हाड लहान आहे, पण त्याची दोन्ही टोके पूर्ण जुळून पक्की झाली आहेत, तर ते पूर्ण वाढलेल्या लहान जनावराचे. माणसाच्या मुलाच्या हाडाची टोके सुटी असतात, आणि जिथून ती सुटतात तिथला पृष्ठभाग खडबडीत, लाटांसारखा दिसतो. मात्र कोकराच्या हाडाची टोकेही सुटीच असतात, त्यामुळे सुटे टोक दिसले म्हणून लगेच मूल ठरवू नका. ते तज्ज्ञाकडेच जाऊ द्या.

विदर्भात, विशेषतः मेळघाटच्या पट्ट्यात, अस्वलाचा पंजा लक्षात ठेवा. कातडे सोलून नखे काढून नेली की उरलेला पंजा माणसाच्या हातापायाशी इतका मिळताजुळता दिसतो की डॉक्टरही फसतात. तिथे पोलिसांच्या आधी वनविभागाचे काम असते.

हाड माणसाचे ठरले की पुढचा प्रश्न काळाचा. महाराष्ट्रात याची चार-पाच साधी उत्तरे असू शकतात आणि ती आधी तपासली नाहीत तर खुनाचा तपास भलतीकडे जातो.

मांडी घातलेल्या, बसलेल्या स्थितीतला सांगाडा दिसला की लिंगायत, गोसावी किंवा नाथपंथी समाधीची शक्यता आधी विचारा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, जुना सातबारा बघा. अगदी लहान मुलांना पुरण्याची रीत तर अनेक हिंदू घरांतही आहे.

मडक्यात लहान मुलाची हाडे सापडली, आणि दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली असली, तर ते ताम्रपाषाणयुगीन दफन असू शकते. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली अशी दफने मिळाली, आणि तिथल्या प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडून पुरलेले होते. नेवासे, दायमाबाद इथलीही उदाहरणे आहेत. पाय नसलेला सांगाडा म्हणजे पाय तोडून केलेला खून, हा निष्कर्ष गोदावरी-भीमेच्या खोऱ्यात जपून काढावा. अशा वेळी काम थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अशा हाडांचा अभ्यास होतो.

तिसरी शक्यता वैद्यकीय विद्यार्थ्याच्या जुन्या 'बोन सेट'ची. हाडाला वॉर्निश, तारेसाठी पाडलेली भोके, शाईचे आकडे, करवतीने सरळ कापलेली कवटीची टोपी. शेंदूर, मेण किंवा काजळी लागलेली कवटी असेल तर ती कुठल्या तरी पूजेतून आलेली असते. तिथे गुन्हा असूही शकतो, पण बहुधा तो खुनाचा नसतो.

सावधान: करवतीचा सरळ काप दिसला म्हणून "मृतदेहाचे तुकडे केले" असे लिहू नका. शवविच्छेदनातही कवटी करवतीनेच उघडतात.

## टप्पा ३: हाडे उचलणे

इथे घाई केली की पुढचे सगळे फुकट. दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि दोन्हींची पद्धत वेगळी.

उघड्यावर विखुरलेली हाडे. माणसांची एक ओळ करा, हाताच्या अंतरावर, आणि सगळ्यांनी एकाच वेगाने एकाच दिशेला चालावे. दिसेल त्या हाडाजवळ काडीला कापड बांधून रोवा, उचलू नका. सगळी निशाणे लागली की प्रसार कळतो. घाटात आणि डोंगरउतारावर कवटी घरंगळत खाली जाते, म्हणून ती जिथे सापडली तिथेच शोध संपवू नका, उताराच्या वरच्या बाजूला जा. मृतदेह जिथे पडला आणि कुजला, तिथली माती काळपट, तेलकट असते आणि गवत वेगळे वाढलेले असते. केस, नखे, बटणे, बारीक हाडे बहुधा तिथेच मिळतात. कुत्री-कोल्ही हातपाय ओढून नेतात, त्यामुळे ओढ्याच्या काठची झुडपे आणि बिळांची तोंडेही बघा.

पुरलेला सांगाडा. फावडे फक्त वरच्या थरापुरते. हाडाचा सुगावा लागला की थापी, बांबूची किंवा लाकडाची काडी आणि ब्रश. लोखंडी टोक हाडाला लागले की नवी खूण पडते आणि पुढे ती शस्त्राची की कुदळीची, हे ठरवत बसावे लागते. सगळा सांगाडा जागेवरच मोकळा करा, वरून फोटो घ्या, रेखाचित्र काढा, आणि मगच एकेक हाड उचला. अर्धवट दिसणारे हाड ओढून काढू नका. मातीतले ओले हाड ओल्या बिस्किटासारखे मोडते.

खड्ड्याची मूळ कड सांभाळा. भरावाची माती आणि न हललेली माती रंगाने, घट्टपणाने वेगळी असते. कडेवर फावड्याच्या पात्याचे ठसे कधी कधी जसेच्या तसे राहिलेले असतात.

निघालेली सगळी माती चाळायची. आधी साधारण ६ मिलिमीटरची चाळणी, मग २ ते ३ मिलिमीटरची. पोटाच्या भागातली माती वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण तिथे गर्भाची हाडे असू शकतात. छातीच्या भागातली वेगळी, कारण तिथे गोळी असू शकते. हनुवटीखालची माती तर हाताने बघा: हायॉइड हे घशातले छोटे हाड तिथेच असते आणि गळा दाबल्याचा प्रश्न आला की सगळे तेच मागतात. मंगळसूत्राचे मणी, जोडवी, ताईत, बेल्टचे बक्कल हेही चाळणीतच सापडते. विहिरीतून हाडे निघाली असतील तर गाळ उपसून फेकू नका, पाणी मारत चाळा.

घाईचा परिणाम अमृतसर जिल्ह्यातल्या अजनाळ्याला दिसला. १८५७ च्या सैनिकांचे अवशेष असलेली विहीर २०१४ मध्ये स्थानिक हौशी मंडळींनी उपसली. भावना समजण्यासारखी होती, पण हाडे मोडली, एकमेकांत मिसळली, आणि कोणते हाड कोणत्या माणसाचे हे सांगण्याची सोय गेली. पुढे शास्त्रज्ञांना मुख्यतः दातांच्या आधारे काम करावे लागले. दातांतला डीएनए आणि आयसोटोप, म्हणजे अन्न-पाण्यातून दातात उतरलेले मूलद्रव्यांचे प्रकार, यांवरून हे सैनिक गंगेच्या मैदानी प्रदेशातले होते असा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

तपासून घ्या: प्रौढ माणसाच्या २०६ हाडांपैकी १०६ हातापायांच्या पंजांत असतात. तुमच्या यादीत पंजांची हाडे दहा-वीसच असतील आणि जनावरांनी ओढाताण केल्याची खूण नसेल, तर चाळणी नीट झालेली नाही. परत जा.

## टप्पा ४: बांधणे, सील करणे, पाठवणे

प्लास्टिकची पिशवी नको. ओलावा अडकतो, बुरशी येते, डीएनए खराब होतो. कागदी पिशव्या आणि पुठ्ठ्याचे खोके वापरा. ओली हाडे सावलीत वाळवा, उन्हात नाही; उन्हात तडे जातात. उजवा हात, डावा हात, उजवा पाय, डावा पाय असे वेगळे बांधा. बोटांची हाडे एकदा मिसळली की ती वेगळी करायला तज्ज्ञालाही दिवस घालवावा लागतो. कवटी वेगळ्या खोक्यात, खाली कागदाची चुंबळ करून.

हाडे नळाखाली धुऊ नका आणि फॉर्मालिनमध्ये तर अजिबात टाकू नका. मऊ भाग टिकवायला शिकलेला हात सवयीने फॉर्मालिनकडे जातो, पण त्याने डीएनएची वाट लागते. हातमोजे आणि मास्क घालूनच काम करा. ज्यांनी कोणी हाडांना हात लावला असेल त्यांची नावे नोंदवा, म्हणजे नंतर त्यांचा डीएनए वगळता येईल.

प्रत्येक पाकिटावर गुन्हा किंवा आकस्मिक मृत्यू क्रमांक, तारीख, जागा, आतील वस्तू, पंचांच्या सह्या, लाखेचे सील. सीलचा नमुना पत्रासोबत. मुद्देमाल कारकुनाच्या वहीतली नोंद आणि पाकिटावरचा मजकूर शब्दाला शब्द जुळायला हवा. वहीत "हाडे एकूण १४" आणि पाकिटात तुटून १७ तुकडे, एवढ्यावर उलटतपासणीचा अर्धा तास जातो. म्हणून नग मोजताना "अखंड" आणि "तुकडे" वेगळे लिहा.

सावधान: सगळा सांगाडा एकाच वेळी, आधी न्यायवैद्यक विभागाकडे पाठवा. डीएनएसाठी कोणता तुकडा कापायचा हे तिथे ठरू द्या. ठाण्यातच मांडीचे हाड मधोमध तोडून अर्धे मुंबईत कालिना इथल्या सरकारी न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेला धाडले, की उंची काढण्याचे सगळ्यात चांगले हाड हातचे गेले.

## टप्पा ५: टेबलावर मांडणी

आता काम प्रयोगशाळेत आले. पाकिटे एकेक करून उघडा आणि आतल्या मातीसकट फोटो घ्या. डीएनएचा नमुना, म्हणजे दाढ, मांडीच्या हाडाचा मधला भाग किंवा कानाच्या आतल्या टणक हाडाचा तुकडा, स्वच्छतेआधी वेगळा काढा. हाडे उकळून किंवा ब्लीच लावून साफ करणारे अजूनही आहेत. नमुना काढण्यापूर्वी हे केले तर डीएनएची आशा सोडा.

मग सांगाडा शरीररचनेप्रमाणे मांडा आणि यादी करा. इथेच एकाहून अधिक माणसे आहेत का ते कळते. एकाच बाजूचे तेच हाड दोनदा आले, म्हणजे डाव्या मांडीची दोन हाडे, तर किमान दोन माणसे. तसे नसतानाही एक हाड पोक्त आणि दुसऱ्याची टोके अजून सुटी असतील, तरीही किमान दोन. अहवालात "किमान" हा शब्द सोडू नका.

## टप्पा ६: लिंग, वय, उंची, याच क्रमाने

क्रम असा का? वयाचे तक्ते आणि उंचीची सूत्रे स्त्री-पुरुषांसाठी वेगळी आहेत. आधी लिंग ठरल्याशिवाय पुढचे आकडे हवेत राहतात. तरीही पत्रात उंची वर असते म्हणून आधी उंची काढणारे भेटतात.

लिंग. ओटीपोटाची हाडे असतील तर त्यांवरच भर द्या. फेनिस या अभ्यासकाने १९६९ मध्ये जघनास्थीवरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या पुढच्या हाडावरच्या, तीन खुणा सांगितल्या: पुढच्या पृष्ठावरची तिरकी कड, खालच्या फांदीचा आत वळलेला बाक, आणि त्या फांदीची आतली धार अरुंद की रुंद. तिन्ही एका दिशेने बोलत असतील तर निष्कर्ष भक्कम. नितंबाच्या हाडातली मोठी खाच रुंद आहे की चिंचोळी हेही बघा. फक्त कवटी असेल तर भुवयांचा उंचवटा, डोळ्याच्या खोबणीची धार, कानामागचा उंचवटा आणि मानेमागची कड बघता येते, पण "बहुधा" लिहायला लाजू नका. वयात न आलेल्या मुलाचे लिंग हाडांच्या आकारावरून सांगू नका. तो प्रश्न डीएनएचा आहे.

वय. पंचविशीपर्यंत हाडे बरेच काही सांगतात, कारण टोके ठरावीक वयात जुळतात. गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक सगळ्यात उशिरा, विशीच्या अखेरीस, पूर्ण जुळते. त्यानंतर मात्र झीज मोजावी लागते आणि अंदाज पसरतो. १९९० ची सुची-ब्रुक्स पद्धत जघनास्थीच्या सांध्याचे सहा टप्पे करते. त्यातला पाचवा टप्पा पुरुषात २७ ते ६६ वर्षांत कुठेही दिसू शकतो, सरासरी ४५.६. ज्यांना अहवालात "वय अंदाजे ४५" लिहायचा मोह होतो, त्यांनी हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवावा. ४५ लिहिले, ठाण्याने ४० ते ५० वयाचे बेपत्ता काढले, आणि खरा माणूस ३२ चा असला तर तो यादीतच येत नाही.

कवटीच्या सांध्यांवरून वय काढण्याची जुनी सवय सोडा. तो सगळ्यात अविश्वसनीय मार्ग आहे. दात, बरगडीचे पुढचे टोक आणि जघनास्थी मिळून काय म्हणतात ते बघा.

उंची. मांडीचे अखंड हाड, मोजण्याचा बोर्ड, मिलिमीटरपर्यंत माप. शिवणकामाची टेप नको. १९५२ च्या ट्रॉटर-ग्लेसर सूत्रात गोऱ्या अमेरिकन पुरुषासाठी ४४ सेंटिमीटरच्या हाडावरून २.३८ गुणिले ४४ अधिक ६१.४१, म्हणजे १६६.१ सेंटिमीटर येते, आणि प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज साधारण जेवढा चुकू शकतो तेवढे अंतर, ३.२७. दोन त्रुटींची मर्यादा घेतली तर उत्तर साधारण १५९.६ ते १७२.७. एवढा पसारा खरा आहे. तो लपवू नका. आपल्याकडच्या माणसासाठी हे सूत्र आंधळेपणाने वापरू नये. भारतीय हाडांवर पॅन यांनी १९२४ मध्ये बंगालमध्ये, नाट यांनी १९३१ मध्ये उत्तर प्रदेशात, सिद्दिकी आणि शाह यांनी १९४४ मध्ये पंजाबात काम केले. जवळच्या प्रदेशाचे, अलीकडचे सूत्र मिळाले तर ते वापरा आणि कोणते वापरले ते अहवालात लिहा.

एक सापळा नडगीच्या हाडाचा. ट्रॉटर यांच्या मूळ मापांत घोट्याचे खाली आलेले टोक धरलेले नव्हते, हे बऱ्याच उशिरा लक्षात आले. ते टोक धरून मापले आणि त्या सूत्रात घातले की माणूस दोन-तीन सेंटिमीटर उंच होतो. शक्य तिथे मांडीचेच हाड घ्या.

तपासून घ्या: बेपत्ता नोंदीतली उंची कुणी मोजली होती का? "साडेपाच फूट असेल" हे घरच्यांचे वाक्य असते. त्या आकड्याशी तुमची मर्यादा दोन-चार सेंटिमीटरने जुळली नाही म्हणून नाव खोडू नका.

## टप्पा ७: इजा वाचणे

हाडावरची प्रत्येक खूण तीनपैकी एका काळातली: मृत्यूपूर्वीची, मृत्यूच्या सुमाराची, नंतरची. भरून येऊ लागल्याची, कडा गोल झाल्याची खूण असेल तर माणूस त्यानंतर जगला. ओले हाड तिरके, गुळगुळीत कडेने मोडते आणि कडेचा रंग बाकीच्या हाडासारखाच असतो. वाळलेले हाड आडवे, खडबडीत मोडते आणि कड फिकट दिसते. फिकट कड म्हणजे बहुधा आपलीच कुदळ.

खुनाचा निष्कर्ष ज्या जागांवर चुकतो त्या ओळखून ठेवा. छातीच्या मधल्या हाडात काही लोकांना जन्मजात गोल भोक असते; ते गोळीचे नाही. कोपराच्या वर दंडाच्या हाडातही असे भोक असू शकते. कवटीच्या सांध्यांतली जादाची छोटी हाडे फ्रॅक्चरसारखी दिसतात. हायॉइडची शिंगे मध्यम वयापर्यंत, काहींत आयुष्यभर, मधल्या भागाला जुळतच नाहीत. तीन सुटे तुकडे म्हणजे गळा दाबला असे नव्हे. टोक गुळगुळीत आहे की तुटलेले, भिंगाखाली बघा. लांब हाडांच्या टोकांवरचे खड्डे कुत्र्याच्या दातांचे, कडेवरच्या समांतर रेघा उंदरांच्या, पृष्ठभागावरची वेडीवाकडी नक्षी झाडाच्या मुळांची.

जळालेल्या हाडांबाबत आणखी सावध राहा. कवटी आगीतच तडकते. हाड तपकिरी, काळे, करडे आणि शेवटी पांढरे होते. पूर्ण पांढऱ्या ठिसूळ हाडातून डीएनए मिळण्याची आशा फार कमी.

## टप्पा ८: मृत्यू केव्हा

या प्रश्नाला सगळ्यात छोटे उत्तर द्या. पावसाळी उकाड्यात उघड्यावरचा मृतदेह काही आठवड्यांत सांगाडा होऊ शकतो. तोच खोल, घट्ट मातीत पुरला तर वर्ष उलटूनही मांस शिल्लक असते. हाडाचा वास, स्निग्धता, चिकटलेले स्नायूबंध, माशांचे कोष यांची नोंद करा. हाडातून मूळ गेले असेल तर त्या मुळाची वलये वनस्पतितज्ज्ञाकडून मोजून घ्या: हाड तिथे निदान तेवढी वर्षे आहे. बाकी "किमान" आणि "जास्तीत जास्त" एवढेच. कपड्यावरचे लेबल, खिशातले तिकीट किंवा नाणे हाडापेक्षा नेमकी तारीख देते, म्हणून कपडे फेकू नका.

## टप्पा ९: ओळख आणि अहवाल

वर्णन जुळणे म्हणजे ओळख पटणे नव्हे. ओळख पटते ती डीएनएने, दातांच्या जुन्या नोंदींनी, जुन्या एक्स-रेने किंवा शरीरात बसवलेल्या प्लेट-स्क्रूवरच्या क्रमांकाने. कपाळातल्या पोकळीचा नकाशा प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे सायनसचा जुना एक्स-रे घरात मिळाला तर तो सोन्याच्या मोलाचा. कवटीवर फोटो बसवून बघण्याच्या पद्धतीचा उपयोग एखादे नाव वगळायला जास्त होतो. डीएनएच्या तुलनेसाठी आई-वडील किंवा मुले सगळ्यात बरी. ती नसतील तर आईच्या बाजूचे नातेवाईक घ्या, मायटोकाँड्रियल डीएनए तिकडून येतो. मामा चालतो, काका नाही.

अहवालात पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याच क्रमांकाने द्या. हाडांची यादी, पाकीट उघडताना सील शाबूत होते का, कोणती पद्धत वापरली, मर्यादा किती, हे सगळे लिहा. "मृत्यूचे कारण हाडांवरून सांगता येत नाही" हे वाक्य पूर्ण उत्तर आहे, ते लिहून थांबा. "इजा आढळली नाही" आणि "इजा झाली नव्हती" यांतला फरक वकील पहिल्याच प्रश्नात काढतो. हाडाला न लागता भोसकून, विष घालून, बुडवून माणूस मरू शकतो.

अवशेष नातेवाइकांना देण्यापूर्वी न्यायालयाची किंवा तपासी अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्या. डीएनएचा राखीव नमुना, एक दाढ आणि सर्व एक्स-रे क्रमांकासह ठेवून घ्या. नातेवाइकांना काय दिले आणि काय ठेवले त्याची यादी त्यांच्या सहीने फाइलला लावा. बेवारस सांगाडा असेल तर तो दहन करू नका, पुरा, आणि जागेचा क्रमांक नोंदवा. नातेवाईक काही वर्षांनी येतात.